शेवाळे मॅडमची उत्तर दिशा

गेल्या डिसेंबरात सांगलीच्या दत्तकृपा सोसायटीतल्या सहा नंबरच्या फ्लॅटमध्ये उत्तर दिशा एकूण चार ठिकाणी होती. हॉलमध्ये ती टीव्हीकडे होती, स्वयंपाकघरात फ्रिजकडे, बेडरूममध्ये लोखंडी कपाटाकडे, आणि गॅलरीत ग्रिलच्या पट्टीगणिक तिचा विचार बदलत होता. या चारही उत्तरांच्या मधोमध अंजना शेवाळे फरशीवर मांडी घालून बसली होती. वय पंचेचाळीस, व्यवसाय नववी-दहावीचे सायन्सचे क्लास, आणि सध्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षार्थी.

पहिल्या वर्षाची म्हणजे बाकीचं सगळं झालेलं होतं. तिन्ही वर्षांचे सगळे पेपर ती सातारच्या कॉलेजातून पास झाली होती. राहिला होता तो एकच, पहिल्या वर्षाचा ‘विद्युत आणि चुंबकत्व’. दोन मार्कांनी. मग लग्न झालं, सांगली आली, क्लास सुरू झाले आणि ते दोन मार्क चोवीस वर्षं सातारलाच राहिले. पालकांनी शिक्षण विचारलं की अंजना म्हणायची, “मी बी.एस्सी. फिजिक्सला होते.” यात खोटं काहीच नव्हतं. ती होतीच. ऐकणाऱ्यांनी त्यातून काय घ्यायचं ते घेतलं, त्याला अंजना काय करणार?

पण जुन्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन ‘शुभ सकाळ’च्या मधे एक परिपत्रक येऊन पडलं. जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना शेवटची संधी. अंजनाने ते तीनदा वाचलं, भाजी करपली, आणि चौथ्या दिवशी ती सातारच्या एसटीत बसली.

कॉलेजच्या खिडकीतला क्लार्क मोठा सज्जन माणूस होता. त्याने फक्त सहा कागद मागितले. त्यातला एक गॅप सर्टिफिकेट होता.

“कसला गॅप?” अंजनाने विचारलं.

“तुमचा. चोवीस वर्षांचा. मधल्या काळात काय करत होता ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं.”

अंजनाला हे फार आवडलं. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिने कागद काढून लिहायला घेतलं: सासऱ्यांचं आजारपण, दोन मुलांऐवजी क्लासची चारशे मुलं, पुरात भिजलेली बाकं, नवऱ्याची, म्हणजे कृष्णातरावांची, कराडला झालेली बदली. नोटरीने तो दीड पानी मजकूर वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं, “मॅडम, एकच ओळ पाहिजे. सदर कालावधीत मी घरी होते.”

ती ओळ घेऊन अंजना सांगलीला परतली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. मनुबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, कागद वाचून घेतला. “घरी व्हतीस? आगं, मग ह्यो समदा परपंच नोटरीनं केला व्हय?” असं म्हणून त्यांनी तो कागद देवघरात ठेवला. तिथून तो शोधून काढायला पुढे दोन दिवस गेले.

खरी अडचण होती जर्नलची. प्रयोगांची जुनी वही माहेरच्या रद्दीत कधीच गेली होती, आणि सही-शिक्क्याचं जर्नल असल्याखेरीज प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. फिजिक्सच्या रुमाना मॅडम अंजनाहून अठरा वर्षांनी लहान होत्या, त्यामुळे त्या अंजनाला ताई म्हणत, आणि अंजना विद्यार्थिनी असल्यामुळे त्यांना मॅडम म्हणे.

“ताई, आठ प्रयोग लागतील,” रुमाना मॅडम म्हणाल्या. “सात इथे चार शनिवारी उरकू. आठवा नव्या अभ्यासक्रमात नाही, त्याच्या टेबलावर आता कॉम्प्युटर बसलेत. उपकरण घेऊन जा, घरी करा, वाचनं आणून दाखवा.”

असं म्हणून त्यांनी कपाटावरून टँजंट गॅल्व्हानोमीटर उतरवला. धुळीखाली तो ताटाएवढा उभा लाकडी गोल होता. त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे आणि मधोमध होकायंत्र. तारेतून वीज सोडली की सुई उत्तर सोडून बाजूला वळते. किती वळली ते मोजायचं आणि त्यावरून आपण उभे आहोत तिथे पृथ्वीचा चुंबक किती जोर लावतोय ते काढायचं. आपल्याकडे हे उत्तर पॉइंट अडतीस गाऊसच्या आसपास यावं असं पुस्तक म्हणतं. ऐकायला अगदी सोपं आहे. लग्नही ऐकायला सोपंच असतं.

एसटीत हा गोल मांडीवर घेऊन बसल्यावर कंडक्टरने विचारलं, “काय हाय ह्ये?”

“टँजंट गॅल्व्हानोमीटर.”

कंडक्टरने आपल्या यंत्राकडे पाहिलं. त्यात असलं लगेज नव्हतं. कराडला शेजारी येऊन बसलेल्या बाईंनी तारांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “मिरजेला निघालाय न्हवं? तारा सैल पडल्यात. आमच्या भाच्याची सतारबी तितंच निट केली.” अंजनाने मान डोलावली. चोवीस वर्षांचा गॅप समजावून ती आधीच दमली होती.

आता अभ्यासाचं. दत्तकृपात अठरा फ्लॅट आहेत आणि शेवाळे मॅडम परत परीक्षेला बसणार ही बातमी त्यांतल्या सतरांत दोन तासांत पोचली. अठरावा बंद असतो, त्याचे मालक दुबईला. तळमजल्यावरची सोनिया पदवीधर होती, तिने सल्ला दिला, “गॉसचा नियम ऑप्शनला टाका वहिनी, मी टाकलेला. काही अडत नाही आयुष्यात.” सोसायटीचे चेअरमन सुभेदार नाथाजी जाधव लष्करातून निवृत्त झालेले, ते म्हणाले, “पाटं चारला उठायचं, पाच मिनटं पळायचं, मंग पुस्तक. आर्मीत आमी असंच करत हुतो.” कृष्णातरावांनी कसलाच सल्ला दिला नाही. ते पाटबंधारे खात्यात होते आणि वाहतं ते अडवू नये असं त्यांचं अनुभवाचं मत होतं.

अंजनाने गॉस ऑप्शनला टाकला नाही. तिने उजव्या हाताचा नियम तर इतका घोटला की हात आपोआप तसा होऊ लागला: वीज अंगठ्याच्या दिशेने, चुंबकत्व वळलेल्या बोटांच्या दिशेने. रस्त्याने पाठ करत चालली की रिक्षा थांबत. मंडईत तिने अंगठा वर करून बोटं वळवली तेव्हा भाजीवालीने सौदा ठरला असं समजून पिशवीत दोन किलो दोडका ओतला. शेवाळ्यांच्या घरी त्या आठवड्यात दोडकाच होता, आणि कृष्णातरावांनी तो न अडवता खाल्ला.

तर, घरात उत्तर चार ठिकाणी निघाल्यावर अंजना गच्चीवर गेली. विजेसाठी कृष्णातरावांच्या स्कूटरची बॅटरी काढली; ते चालत ऑफिसला गेले. डिसेंबरचं कोवळं ऊन, स्वच्छ गच्ची. नेसूची इस्त्रीची साडी, खांद्यावर सोनियाने पाचगणीच्या सहलीतून आणून दिलेली नवी फुलाची पिन. शास्त्राला शोभेल असा सगळा थाट. तिने वाकून सुई पाहिली. सुई स्थिर होती. इथे उत्तर एकच होती, आणि ती थेट पाण्याच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्याकडे होती.

नेमका त्याच वेळी सोनियाचा नवरा जयराज टाकी बघायला वर आला. जयराजचं फर्निचरचं दुकान आहे आणि वास्तुशास्त्रावर त्याची इतकी श्रद्धा आहे की तो दुकानातले सोफेसुद्धा पूर्वेकडे तोंड करून विकतो.

“वहिनी, उत्तर तिकडं कुठं? माझा मोबाइल तर उजव्या कोपऱ्याकडं दाखवतो.”

इथे अंजनाने गप्प बसायला हवं होतं. पण समोरच्याने चुकीचं उत्तर दिलं की शिक्षकाच्या तोंडून जो आवाज निघतो, तो निघून गेला. “जयराज, मोबाइलच्या कव्हरला चुंबक असतो. त्यावर काय विश्वास ठेवायचा? हे फिजिक्स आहे.”

जयराजने कव्हर उघडून पाहिलं. चुंबक होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. पंचवीस अंशांचा फरक म्हणजे त्याचं स्वयंपाकघर आग्नेयेतून घसरून सरळ दक्षिणेत गेलं होतं. दोन वर्षांपासून धंद्यात जे जे बिनसलं होतं, त्या सगळ्याचं कारण त्याला टाकीजवळ उभ्या उभ्या सापडलं.

तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरून घणाचे आवाज येऊ लागले. जयराजने ओटा फोडायला काढला होता.

मग काय विचारता! ज्याच्या त्याच्या पलंगाचं डोकं दक्षिणेला होतं की नाही याची चौकशी सुरू झाली. सुभेदारांनी तातडीची सभा बोलावली. विषय क्रमांक चार: सोसायटीची उत्तर दिशा निश्चित करणे.

“सूर्य उगवतो ती पूर्व,” सुभेदार म्हणाले. “तिच्या डाव्या हाताला उत्तर. विषय खलास.”

“काका, सूर्य डिसेंबरात दक्षिणेकडं सरकतो,” जयराज म्हणाला.

“आर्मीत सूर्य सरकत न्हाई!”

शेवटी मतदान झालं. नऊ मतं शेवाळे मॅडमच्या उत्तरेला, सात सुभेदारांच्या, एक तटस्थ. सात विरुद्ध नऊ मतांनी उत्तर मंजूर होऊन इतिवृत्तात गेली. अल्पमतवाल्यांनी बांधकामाच्या परवानगीचा जुना नकाशा बघायचं ठरवलं. त्यासाठी अंजनालाच एका कचेरीत पाठवण्यात आलं, कारण विषय तिचा. (कोणत्या कचेरीत ते नका विचारू; सगळ्या सारख्याच.) नकाशावर बाण होता. तो कागदाच्या अगदी वरच्या बाजूला होता, कारण काढणाऱ्याला तिथेच जागा मोकळी सापडली असावी. त्या बाणाप्रमाणे उत्तर रस्त्यापलीकडच्या गॅरेजात निघत होती.

“पण हे चूक आहे,” अंजना म्हणाली.

“मंजूर नकाशातली उत्तर आहे बाई,” तिथले साहेब समजुतीने म्हणाले. “बदलायची असेल तर सुधारित नकाशा दाखल करा. वास्तुविशारदाच्या सहीने, तीन प्रतींत.”

या सगळ्या गदारोळात पृथ्वीचा जोर मात्र पॉइंट अडतीस यायला तयार नव्हता. अंजनाचं उत्तर येत होतं पॉइंट एकसष्ट. तिने गच्चीवरचं लोखंड हलवायला सुरुवात केली. आधी डिश अँटेना गेल्या. त्या संध्याकाळी सोसायटीत कुणालाच मालिका दिसली नाही. मग दोरीच्या खांबांसकट वाळत घातलेले कपडे गेले. सुभेदारांनी जातीने उभं राहून दोन सायकली, एक तुटका कूलर आणि स्वतःचा पितळी बक्कल असलेला पट्टाही उतरवला. पितळ चालतं असं अंजनाने सांगेपर्यंत ते एका हाताने पँट धरून हुकूम सोडत होते. उत्तर आलं पॉइंट साठ.

“लोखंड बिल्डिंगीतच असंल,” सुभेदार पट्टा बांधत म्हणाले. “बिल्डिंग पाडल्याबिगर इलाज न्हाई.”

तेव्हा मनुबाई म्हणाल्या, “आगं, आपलं रान हाय की गावाकडं. तितं कुटं आलंय लोखंड?”

रविवारी दोघी मिरजेच्या पुढे गावाकडे गेल्या. द्राक्षाच्या बागेत लोखंडी अँगल आणि तारा होत्या, ती सोडली. मोटारीची खोली सोडली. शेवटी ऊस तुटून गेलेल्या रानात मधोमध एका लाकडी स्टुलावर गॅल्व्हानोमीटर मांडला आणि स्कूटरची बॅटरी पाटीत ठेवली. मनुबाई समोर बसून शेंगा फोडू लागल्या. अंजनाने वाकून वाचन घेतलं, गणित मांडलं. पॉइंट एकसष्ट.

अंजना सरीवरच बसली. आजूबाजूला नुसती माती, पाचट आणि आभाळ. तिला वाटलं, चोवीस वर्षांपूर्वी परीक्षकाने दोन मार्क कापले ते बरोबरच होतं. हा विषय आपल्याला येतच नाही. पृथ्वीलाही आपण नको आहोत.

“अंजना,” मनुबाई शेंगा खाता खाता म्हणाल्या, “उट जरा. आता हिकडं ये. आता मागं सर.”

“काय झालं, आत्या?”

“आगं, तू म्होरं आलीस की ती सुई तुज्याकडं बगती. मागं गेलीस की तोंड फिरवती. मी कितीबी जवळ गेले तरी मला इचारत न्हाई. तुज्याजवळ काय हाय?”

अंजना दोन पावलं पुढे आली. सुई वळली. मागे गेली, सुई परतली. वासरू गाईकडे बघतं तशी ती सुई अंजनाकडे बघत होती. अंजनाचा हात हळूहळू खांद्याकडे गेला.

फुलाची पिन. पदराला भोक पडू नये म्हणून तिला टाचणीच नसते. दोन भाग पदराच्या दोन बाजूंनी नुसते एकमेकांना चिकटतात. आणि ते कशाने चिकटतात हे नववीतल्या पोरालाही सांगता आलं असतं. गेले तीन आठवडे अंजना रोज सकाळी खांद्यावर एक चांगला जोरदार लोहचुंबक लावून पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला वाकत होती. ‘आसपास चुंबकीय वस्तू नसाव्यात’ हे वाक्य तिने जर्नलात आठ वेळा लिहिलं होतं. आसपासमध्ये आपण स्वतःही येतो हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं.

पिन बांधावर नेऊन ठेवली. उत्तर आलं पॉइंट सदतीस.

अंजनाने सासूबाईंना मिठी मारली. मनुबाईंच्या ओटीतल्या शेंगा सांडल्या. मग एकाएकी अंजनाने मिठी सोडली.

“आत्या, जयराजचा ओटा!”

कारण पिन दूर जाताच सुई नेमकी पंचवीस अंश उजवीकडे सरकली होती, म्हणजे ती आता जी उत्तर दाखवत होती, ती मोबाइलचीच होती. म्हणजे जयराजच्या मोबाइलच्या चुंबकाने काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं होतं ते अंजनाच्या चुंबकाने. त्याचा ओटा बारा वर्षं जिथे असायला हवा तिथेच होता, आणि तिच्या एका वाक्यावर त्याने तो फोडून दुसरीकडे बांधला होता.

“सांगू नकोस,” घरी आल्यावर कृष्णातराव म्हणाले. “कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना,” अंजना म्हणाली. दहावीच्या पोरांना ती फळ्यावर चुकलेलं गणित पुसून ‘माझं चुकलं’ असं सांगायची. एकदाच सांगायची, पण सांगायची. तिने चप्पल घातली आणि खाली गेली.

नवीन ओट्याची त्याच दिवशी पूजा झाली होती. काळ्या ग्रॅनाइटवर हळदीकुंकू होतं. जयराज पेढे घेऊन समोर आला. अंजनाने पेढा हातात धरला, खाल्ला नाही, आणि पिनेपासून सगळं सांगितलं.

जयराज खुर्चीत बसला. “म्हणजे आधीचा ओटा...”

“बरोबर होता.”

“आणि हा?”

“हा पूर्वेला गेलाय,” अंजना जमिनीकडे बघत म्हणाली. “माझं चुकलं, जयराज. मी इतक्या खात्रीने बोलायला नको होतं.”

जयराजने मोबाइल काढला. मग तो गवंड्याचा नंबर शोधू लागला. तेवढ्यात आतून सोनिया लाटणं घेऊनच बाहेर आली.

“ओट्याला कुणी हात लावायचा नाही.”

“अगं, पण वहिनी म्हणतात...”

“वहिनी म्हणू देत, नाहीतर पृथ्वी म्हणू दे. बारा वर्षं मी भिंतीकडं तोंड करून भाकरी थापल्या. आज खिडकी समोर आलीय. गेटातनं कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसतंय. उत्तर कुठं न्यायची तिकडं न्या तुमची.”

“आणि माझ्या धंद्याची प्रगती?”

“ती माझ्या भाकरीवर चाललीय. ओट्यावर नाही.” मग ती अंजनाकडे वळली. “वहिनी, पिन मीच दिलेली ना? मग ओटा मीच हलवला. खावा तो पेढा.”

अंजनाने पेढा खाल्ला. आयुष्यात इतका गोड पेढा तिने खाल्ला नव्हता, आणि गोडही इतका होता की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तिने घरी सांगितलं. ठराव बदलायला पुन्हा सभा घ्यावी लागणार होती आणि ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्यामुळे इतिवृत्तात दत्तकृपाची उत्तर आजही पंचवीस अंशांनी चुकलेली आहे.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी अंजना सातारला उतरली ती केसांना रिबीन बांधून, पदर कमरेला खोचून, अंगावर एकही पिन न ठेवता. शाळकरी मुलीसारखी ती वेणी बघून रुमाना मॅडम आधी ओळखायलाच चुकल्या. जुन्या अभ्यासक्रमाची ती एकटीच होती, म्हणून बाहेरून आलेले परीक्षक सारा वेळ तिच्याच टेबलाशी उभे राहिले. पोट पुढे, चष्मा नाकावर, कोटाच्या खिशावर नावाची चकचकीत पट्टी.

“सुई स्थिर नाही तुमची,” ते वाकून म्हणाले. “गृहिणींचं हेच होतं. मांडणीत घाई.”

अंजनाने सुईकडे पाहिलं. सुई नीट होती. ती फक्त परीक्षकांकडे बघत होती.

“सर,” ती म्हणाली, “आपण दोन पावलं मागे व्हाल?”

“मी? का?”

“आपल्या नावाच्या पट्टीला मागून चुंबक आहे का, सर? कोटाला भोक पडू नये म्हणून असतो.”

परीक्षकांनी पट्टी उचकटून पाहिली. होता. ते दोन पावलं मागे गेले आणि सुई उत्तरेला येऊन गप्प बसली. रुमाना मॅडमना अचानक खोकला आला आणि त्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. परीक्षकांनी चष्मा पुसला. मग त्यांनी ती पट्टी खिशात टाकली, बाकीचे प्रश्न दोन पावलांवरूनच विचारले, आणि जाताना हळूच म्हणाले, “सहा कॉलेजं झाली या महिन्यात. सगळीकडं पोरांच्या सुया हलत होत्या. मी सगळ्यांचे मार्क कापले.” आणि ते फार उदास होऊन चहाला गेले.

निकाल आधी राखीव राहिला, कारण अर्जावरची अंजना शेवाळे आणि जुन्या कागदांवरची अंजना कदम या एकच बाई असल्याबद्दल विद्यापीठाला शंका होती. पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा तोच नोटरी. या वेळी अंजनाने एकच ओळ लिहून नेली होती. मार्चच्या अखेरीस निकाल लागला. थिअरीत त्रेपन्न, प्रॅक्टिकलला त्रेचाळीस, पास. मनुबाईंनी सतरा फ्लॅटांत स्वतः साखर वाटली. प्रत्येक दारात त्यांनी एकच वाक्य सांगितलं: “पृथ्वी मोजली आमच्या सुनंनं.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लास सुटला तरी दाराबाहेर कुणीतरी घुटमळत होतं. अंजनाने पाहिलं तर सुभेदार नाथाजी. इस्त्रीचा शर्ट, हातात नवी कोरी दोनशे पानी वही.

“या ना काका. काय काम काढलं?”

सुभेदार आत आले, पण बसले नाहीत. “काम असं न्हाई. त्यो सतरा नंबरचा फॉर्म असतोय न्हवं, भायेरनं दहावीला बसायचा... मॅट्रिकला गणित ऱ्हायलंय माजं. अठ्ठ्याहत्तर साली. मंग भरती निघाली, पळत गेलो. तितं कुणी इचारलं न्हाई आन् मीबी कुणाला सांगितलं न्हाई. घरात बी ठावं न्हाई.”

इतक्या हळू आवाजात सुभेदार बोलतात हे अंजनाला पहिल्यांदाच कळलं.

“जूनपासनं बॅच सुरू होईल,” ती म्हणाली. “सायंकाळी सहाला.”

“पोरं हसतील.”

“हसतील. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुम्हाला युद्धाच्या गोष्टी सांगा म्हणून मागं लागतील.”

“मंग मी मागल्या बाकावर बसतो. कुणाच्या ध्येनात येत न्हाई.”

“मागच्या बाकावर बसणाऱ्यालाच मी आधी फळ्यापाशी बोलावते, काका.”

रिकाम्या बाकांच्या रांगेवरून सुभेदारांची नजर पुढे-मागे फिरली. मग वही काखेत मारून ते पहिल्या बाकाकडे गेले, बसून बघितलं, आणि गुडघे आत मावतात अशी खात्री झाल्यावर म्हणाले,

“मंग ह्योच धरून ठेवा. उद्या कुणीतरी दुसरं येऊन बसंल.”